बिनरेघेची वेल

आमच्या घरात भिंतीवर वेल छापायची ठरली ती माझ्या भावाच्या बारशासाठी. मी तेव्हा तिसरीत होते आणि वय होतं अकरा. तिसरीच्या मानाने घोडीच, पण पोट्टी शाळेत जाते याचंच लोकांना इतकं नवल की वय विचारायला कुणाला सुचत नसे. गाव सिंदेवाहीपासून दीड कोसावर, तलावाच्या पाळीखाली. गडचिरोली अजून वेगळी व्हायची होती, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. शेत म्हणाल तर धानाच्या चार बांध्या. धान निघालं की बाबा जंगलात लाकूड तोडायला जायचे आणि माय सिंदेवाहीच्या धानगिरणीत तांदूळ पाखडायला.

माझ्या पाठची दोन गेली होती. एक आठ दिवसांचं, एक वीस दिवसांचं. त्यामुळे हा तिसरा झाला तेव्हा बाराव्या दिवशी बारसं करायची कुणाची हिंमत झाली नाही. सव्वा महिना निघू दे, मग नाव ठेवू, असं बाबा म्हणाले. तो सव्वा महिना आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मी शाळेतून आले की आधी पाळण्यात डोकवायची, मग दप्तर ठेवायची. पोट्टा मात्र मजेत होता. दूध प्यायचा, मुठी चोखायचा, आणि गोधडी ओली करून आम्हाला कामाला लावायचा.

सव्वा महिना निघाला तशी मायच्या अंगात हुशारी आली. पाळण्यामागची भिंत सजवायची म्हणाली.

आता मायचं सांगते. माझ्या मायला सगळं यायचं, एक चित्र काढता यायचं नाही. नागपंचमीला भिंतीवर नागोबा काढला की आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दारातूनच म्हणायची, "हे काय वो, गांडूळ काढलं का?" पोळ्याला बैल काढले तर शेजारणी विचारायच्या, ह्या बकऱ्या कोणाच्या. माय हसण्यावारी न्यायची, पण तिला लागायचं. सगळ्या बाया आपापल्या भिंती पाहुण्याला हात धरून दाखवायच्या आणि माझी माय आपल्या भिंतीसमोर उभी राहून बोलायची, म्हणजे चित्र दिसू नये.

तर तिने बिना हाताची युक्ती काढली होती. दिवस गेलेले असताना, गिरणीत कामावर होती तेव्हा, फाटक्या पोत्यांच्या ढिगात तिला टिनाचा एक पत्रा सापडला होता. वीतभर लांब, मधे आरपार कापलेली नक्षी. पत्रा भिंतीला लावायचा, वरून रंगाची चिंधी दाबायची, पत्रा काढला की नक्षी भिंतीवर. छापाच तो. तिने मुकादमाला विचारलं, नेऊ का. तो म्हणाला, "भंगार हाय, ने." मायने तो पदराखाली आणला आणि इतके महिने धानाच्या कणगीमागे लपवून ठेवला. पोर सुखरूप हाती लागल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, असं तिच्या मनात असावं.

नक्षीत तीन फुलं होती, एकाला एक लागून. पहिलं मोठं, गोल, त्याच्या अंगाला लांब वळलेलं देठ. दुसरं जरा पाखरासारखं, डोक्यावर चोच. तिसऱ्याचं शेपूट वळसा घेऊन वर गेलेलं. टोक असं कुठेच नाही, सगळं गोलगोल.

रंग कालवायच्या आधी मायने तो पत्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाय बरं, याच्यावर काही लिवलं तं नाई ना? गिरणीतलं हाय. पोट्ट्याच्या पाळण्यावर कोणा सावकाराचं नाव नको."

घरात वाचता येणारी मी एकटी. बाबा सहीपुरते. त्या दिवसांत माय मला दिसेल ते वाचायला लावायची. साबणाचा कागद, आगपेटी, मोटारीवरची पाटी. मी वाचलं की शेजारणीकडे पाहायची. मी पत्रा अंगणात नेला, उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मास्तर पाटी तपासताना जसं तोंड करायचे तसं तोंड केलं.

"लिवलं नाई माय," मी म्हणाले. "अक्षराच्या वर रेघ असते. याले कुठी हाय रेघ?"

"अन इंग्रजी असलं तं?"

"इंग्रजी काड्याकाड्याचं असते. मी आगपेटीवर पाह्यलं. हे वेल हाय."

"पक्कं?"

"पक्कं. वेलच हाय."

जगात मराठी आणि इंग्रजी अशा दोनच लिप्या आहेत असं मला वाटत होतं. मास्तरांना विचारायचं तर शाळा चार पावलांवर होती. पण मला विचारायचं नव्हतं, मला सांगायचं होतं. मायने पुन्हा विचारलं नाही. माझ्या पोट्टीनं सांगितलं म्हणजे झालं.

मग दोन दिवस आम्ही ते काम केलं. इतकं सुखाचं काम मी नंतर आयुष्यात केलेलं नाही, हे मी सरळ सांगते. बाबांनी भिंत पांढऱ्या मातीने पोतारून दिली. मायने धावड्याचा डिंक भिजत घातला, गेरू वाटून त्यात कालवला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत कापूस भरून बोंडी बांधली. दोरी गेरूत भिजवून एक टोक मी धरलं, एक तिने, मधे ओढून सोडली की भिंतीवर सरळ रेघ. त्या रेघेवर पत्रा टेकवायचा.

पहिला छापा बिघडला. बोंडी ओली होती, रंग पत्र्याखाली पसरला आणि फुलांचा नुसता लगदा झाला. मायचा चेहरा उतरला. पुन्हा गांडूळच, असं तिला वाटलं असणार. मीच म्हणाले, बोंडी पिळ. तिने पिळली, जवळजवळ कोरडी केली, आणि घासायचं सोडून नुसती टिपटिप दाबली. मी पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. उचलला तर तिन्ही फुलं चोख. माय दोन पावलं मागे सरली, कमरेवर हात ठेवून पाहू लागली. मग प्रत्येक छाप्यानंतर पत्र्याची पाठ पुसायची आणि पुढचा. एक सुलटा, एक उलटा, म्हणजे वेल वरखाली खेळते, ही अक्कल तिचीच. कोपऱ्यात पत्रा मावेना, तिथे तिने बोटाने तीन टिपके दिले. पाळण्यात पोट्टा टकामका पाहत होता आणि माय त्याला सांगत होती, "तुह्यासाठी करून राह्यली रे बाबू, तुह्यासाठी."

बारशाला आत्या आली. नाव ठेवायचा मान तिचा. दारातून आत आली आणि थांबलीच. "हे कोणं काढलं?"

"मीच," माय म्हणाली.

"खोटं."

"खरंच बाई. मीच."

आत्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मागचं सारं भरून काढलं वो तू या वक्ती. लय सुंदर." सगळ्या बाया पाहून गेल्या. एकीने पत्रा मागितला, मायने दिला नाही. त्या दिवशी माय भिंतीसमोर उभी राहिली नाही, बाजूला उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. तिला असं कौतुक त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही.

चैत्रात पोट्ट्याला ताप आला. आमच्या जंगलात हिवताप दरसाल यायचा, मोठी माणसं आठ दिवस गोधडीत कुडकुडून पुन्हा कामाला लागायची. हा चार महिन्यांचा. तिसऱ्या दिवशी बाबांनी पहाटेच बैलगाडी जुंपली आणि माय त्याला घेऊन बसली, सिंदेवाहीच्या दवाखान्यात जायला. मी तलावाच्या उंच पाळीवर उभी राहून पाहत होते. थोड्या वेळाने गाडी माघारी येताना दिसली. इतक्या लवकर कशी आली, असं मी मनात म्हणाले, आणि मग मला कळलं.

पुढचं फार सांगत नाही. माय रडली नाही. पाळण्याची दोरी हातात धरून बसून राहिली. बाबांनी पाळणा सोडायला हात लावला तर ती दोरी सोडेना.

पाचव्या की सहाव्या दिवशी बाया बसायला आल्या होत्या. आत्या होतीच. तलावात मासे धरणारे आमचे शेजारी, त्यांची नवी सून पण आली. सिरोंचाकडची होती, तेलुगू बोलणारी. सोळा-सतरा वर्षांची असेल, मराठी नुकती शिकत होती. कुणाशी काय बोलावं तिला समजत नव्हतं. ती मायच्या जवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "बाबूचे नूकलु सरले, बाई."

"काय सरले?" आत्याने विचारलं.

"नूकलु. तांदळाचा... तुकडा, बारीक." तिने चिमूट करून दाखवली.

"कणी?"

"हो, कणी. आमच्याकडे असं म्हणते. माणूस गेला की म्हणते, त्याचे इथले नूकलु सरले." आपल्याकडे दाणापाणी उठलं म्हणतात, तसंच. समजूत घालायलाच म्हणाली बिचारी. मग तिने पाळण्यामागच्या भिंतीकडे पाहिलं, मान थोडी वाकडी केली, आणि म्हणाली, "तुम्ही पण लिवलं ना. तेच."

कुणाला काही समजलं नाही. ती उठली आणि भिंतीवर बोट ठेवून एकेक फूल वाचू लागली. मोठं गोल, नू. पाखरू, क. शेपटीचं, लु. नूकलु. दोन वर्षं तेलुगू शाळेत गेली होती म्हणे, वाचता येतं याचा तिलाही अभिमान असावा. नूकलु, नूकलु, नूकलु, असं ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेली. आणि मग तिला आमचे चेहरे दिसले तशी तिने भिंतीवरचं बोट काढून घेतलं.

कणीच्या पोत्यांवर मारायचा छापा होता तो. नदीपलीकडच्या कुणा व्यापाऱ्याने आपल्या लिपीत कापून आणलेला असेल, कणी वेगळी, तांदूळ वेगळा, हे हमालाला समजावं म्हणून. एवढंच. त्यात काही वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. हे आज मी सांगते. त्या दिवशी त्या खोलीत हे सांगणारं कुणी नव्हतं.

आत्या उभी राहिली. वाईट बाई नव्हती ती, पण तिचा भाचा गेला होता आणि तिच्या हाताने ठेवलेलं नाव वाया गेलं होतं. ती मायला म्हणाली, "सटवी कपाळावर लिवते ते आपल्याले दिसत नाई म्हणून माणूस जगते. तू तं भितीवर लिवून ठेवलं वो. लेकराच्या उशाशी."

माय भिंतीकडे पाहत होती.

"कोणं सांगतलं तुले का हे वेल हाय म्हणून?"

मायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. ती वाट पाहत होती का, मला सांगता येणार नाही. मी दाराजवळ बसले होते. सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू तं शाळेत जाते," आत्या मला म्हणाली. "तुले नाई समजलं?"

जन्मभर लोक मला फटकळ म्हणत आले. पुढे मास्तरीण झाले तेव्हा मी हेडमास्तरांना भर सभेत ऐकवलं, सासरी दिराला ऐकवलं. खरं बोलायला ही बाई भीत नाही, अशी माझी ख्याती आहे. मला हसू येतं. त्या दिवशी मी आत्याकडे पाहून म्हणाले, "मले दाखवलंच नाई तिनं."

मग माय बोलली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा नीट बोलली.

"तिले नाई दाखवलं, बाई. मीच आणला पत्रा अन मीच छापलं. तिले काही माईत नाई."

झालं. त्यापुढे ते सगळं तिच्या माथी गेलं. तिनेच आणलं, तिनेच लिहिलं. गावात ज्याला-त्याला समजलं. आत्याने सांगितलं की ही भिंत हिनंच साफ करायची, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा राग मला अजून येतो, पण मी कोणत्या तोंडाने रागावू. दुसऱ्या दिवशी सकाळी माय खुरपं घेऊन भिंत खरवडायला बसली. धावड्याचा डिंक कालवलेला गेरू, सहजासहजी निघतो का. टिकावा म्हणून तर डिंक घातला होता. खालच्या मातीसकट पोपडे काढावे लागले. पांढऱ्या मातीचा हात दिला तर वाळल्यावर लाल डाग वर आले, पुन्हा खरवडलं, पुन्हा हात दिला. तीन दिवस चाललं. मी एकदाही खुरप्याला हात लावला नाही. मला काही माहीत नव्हतं ना, मग मी कशी लावणार. मी शाळेत जात होते. मास्तर शाबासकी देत होते.

मायने मला एका शब्दाने विचारलं नाही. मला तेच सोसत नव्हतं. एक थप्पड मारली असती तर मी रडले असते, पाय धरले असते, सगळ्यांसमोर सांगितलं असतं. असं मी म्हणते. मारली असती तरी सांगितलं असतंच असं नाही. माय पहिल्यासारखीच वागायची. वेणी घालायची, भाकर बांधून द्यायची, शाळेत जा म्हणायची. बाबांनी म्हटलं होतं, पुरे झाली शाळा, तर ती भांडली त्यांच्याशी. घरात पुन्हा मूल झालं नाही. आत्या बोलायची, माय ऐकून घ्यायची. सणावाराला आमच्या भिंती कोऱ्या राहू लागल्या.

मी सातवी पास झाले, मास्तरीण झाले, सावली तालुक्यातल्या एका गावी पहिली नेमणूक मिळाली. मायचा भाऊ गोंडपिपरीकडे राहायचा, त्याचं अधूनमधून कार्ड यायचं. माय ते कार्ड घेऊन किराणा दुकानात जायची आणि दुकानदाराकडून वाचवून घ्यायची. मी शिकत होते तेव्हा मला वाटे, माझ्या अभ्यासात मोडता नको म्हणून. नंतर मी सुट्टीत घरी असले तरी तेच. मग मला दिसू लागलं की मी अकरा वर्षांची असल्यापासून मायने माझ्याकडून काहीच वाचून घेतलेलं नाही. साबणाचा कागदसुद्धा नाही.

एका उन्हाळ्यात मी घरी होते आणि पोस्टमन कार्ड देऊन गेला. दुकान बंद होतं. माय कार्ड हातात घेऊन ओसरीवर बसली. दुकान उघडायला दोन तास होते. मी समोर तांदूळ निवडत होते. म्हणाले, "दे इकडे, मी वाचते."

"राहू दे. तू तुह्यं काम कर."

माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. मी ताट आपटलं. "पन्नास पोट्ट्यांले वाचायले शिकवते मी. सारं गाव मले मास्तरीणबाई म्हणते. अन माह्याच मायचं एक कार्ड मले वाचता येत नाई का? काऊन नाई देत तू?"

मायने कार्ड पदराखाली घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुह्याकडून वाचवून घेतलं अन काही चुकलं, तं मले पुन्हा खोटं बोला लागन. एक डाव बोलली मी. आता नाई होत माह्याकडून."

तेव्हा तरी म्हणायचं होतं, चुकलं माय. तोंड उघडलं सुद्धा. मग सांडलेले तांदूळ गोळा करू लागले. माय दोन तास तशीच बसली, मी तशीच तांदूळ निवडत बसले. दुकान उघडल्याचा आवाज आला तशी ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि गेली. थोड्या वेळाने आली. मामाकडे सगळं बरं होतं, गाय व्याली होती, पोरीचं जमत आलं होतं. ओळ न ओळ तिने मला सांगितली, सावकाश, वाचता न येणाऱ्या माणसाला सांगावी तशी.